केस कुठे टाकणार? पनवेल, अलिबाग की मुंबई?

घरात पडलेलं कुठलंही बिल उचला. मोबाइलचं, चष्म्याचं, नाहीतर क्लासच्या फीची पावती असली तरी चालेल. दुकानाचं नाव सोडा, रक्कम सोडा, एकदम तळाशी या. ‘चू.भू.दे.घे.’च्या आसपास मुंगीएवढ्या अक्षरांत बऱ्याचदा एक ओळ सापडेल: ‘सब्जेक्ट टू मुंबई ज्युरिसडिक्शन’. ॲपवरून काही मागवलं असेल तर हीच ओळ ‘टर्म्स अँड कंडिशन्स’मध्ये चाळीस वेळा स्क्रोल केल्यावर भेटते. फक्त शहर बदलतं. कुठे बंगळुरू, कुठे गुरुग्राम, कुठे दिल्ली.

या ओळीचा अर्थ साधा आहे. उद्या आपलं भांडण झालं, तर ते आमच्या गावच्या कोर्टात चालेल, तुमच्या नाही.

बी.कॉम. किंवा बीएमएसला असाल तर ‘बिझनेस लॉ’ तुम्ही शिकलाच आहात. ऑफर, ॲक्सेप्टन्स, कन्सिडरेशन हे सगळं 1872च्या भारतीय करार कायद्यातलं. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हेही पाठ असेल. प्रिव्ही कौन्सिलने 1903 साली मोहरीबीबीच्या खटल्यात ते सांगितलं आणि आजही प्रत्येक पेपरात ते येतं. पण हक्क तुमच्याकडे आहे हे कळल्यावर तो घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न परीक्षेत क्वचितच विचारला जातो. खऱ्या आयुष्यात तो पहिला असतो. तीन हजारांचा हेडफोन बिघडला आणि केस गुरुग्रामला चालणार म्हटलं, तर तुम्ही काय कराल? काहीच नाही. छापणाऱ्यालाही हे पक्कं माहीत असतं.

आता आपलं पनवेल घ्या. आपला पत्ता हाच एक घोळ आहे. पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. महापालिका स्वतःची, 1 ऑक्टोबर 2016पासून, रायगड जिल्ह्यातली पहिली. लोकल हार्बर लाइनची, म्हणजे दिवस मुंबईत जातो. आणि जिल्हा? रायगड, मुख्यालय अलिबाग. खारघरचा मुलगा कोणी विचारलं तर ‘नवी मुंबई’ सांगतो, आणि त्यात चूक काही नाही. पण खारघर पनवेल तालुक्यात येतं, म्हणजे रायगड. एक स्टेशन पुढे बेलापूरला उतरलात की ठाणे जिल्हा. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांची सारखीच तक्रार असली, तरी दोघांचे जिल्हे वेगळे आणि म्हणून दारंही वेगळी. कायद्याला तुम्ही स्वतःला काय म्हणवता याच्याशी देणंघेणं नाही, हद्द कुठे येते याच्याशी आहे.

दिवाणी दाव्याचा मूळ नियम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 20मध्ये आहे. समोरचा जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे दावा लावता येतो, किंवा जिथे भांडणाचं कारण पूर्ण वा थोडंफार घडलं तिथे. जागेचा वाद असेल तर जागा जिथे, कोर्ट तिथे. म्हणजे करार पनवेलला झाला, पैसे पनवेलहून गेले, माल पनवेलला यायचा होता, तर पनवेलच्या दिवाणी न्यायालयात जायला वाव आहे. समोरची कंपनी अंधेरीची असली तरी.

मग तळाची ती ओळ काय करते? ती तुमची ही निवड काढून घेते. आणि सुप्रीम कोर्टाने तिला बऱ्यापैकी मान दिलेला आहे.

याची सुरुवात मुंबईच्याच एका कंपनीपासून होते. गॅमन इंडिया ही बांधकाम कंपनी. तिच्यासाठी काम घेतलेल्या हाकम सिंग यांनी वाराणसीच्या कोर्टात धाव घेतली. करारात मात्र लिहिलं होतं, वाद मुंबईच्या कोर्टात. 1971 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही, त्याला तो करार करून देता येत नाही. पण दोन कोर्टांना अधिकार असेल, तर त्यातलं एकच निवडायचं असं दोघं ठरवू शकतात. गॅमनचं मुख्य कार्यालय मुंबईत, त्यामुळे मुंबईला अधिकार होताच. वाराणसीचा दरवाजा बंद.

1989चा खटला जास्त मजेदार आहे. गुजरातमधला एक कारखाना जरीसारखा धातूचा धागा बनवायचा, घेणारे तामिळनाडूतल्या सेलमचे. कागदावर छापलं होतं, वाद ‘कैरा ज्युरिसडिक्शन’मध्ये. कैरा म्हणजे खेडा जिल्हा. सेलमवाल्यांनी तरीही सेलमला दावा लावला आणि जिंकले, कारण त्या ओळीत ‘फक्त’ हा शब्द नव्हता! ‘ओन्ली’, ‘अलोन’, ‘एक्सक्लुझिव्ह’ असं काही म्हटलेलं नसल्यामुळे बाकीची कोर्टं बाद होत नाहीत, असं कोर्ट म्हणालं. बिलांवर आणि ॲपच्या अटींमध्ये ‘ओन्ली’ किंवा ‘एक्सक्लुझिव्ह’ इतक्या आग्रहाने का लिहितात, ते आता कळलं असेल.

अर्थात तो शब्द नसला म्हणून फार खूश होऊ नका. 2013मध्ये जयपूरची स्वस्तिक गॅसेस आणि इंडियन ऑइल यांच्यात वाद झाला. करारात कोलकात्याचं नाव होतं, ‘फक्त’ नव्हतं. तरी सुप्रीम कोर्टाने कोलकाताच धरलं. दोघांनी एका शहराचं नाव मुद्दाम लिहिलं, त्यातच बाकीची शहरं नकोत हा हेतू दिसतो, असं म्हणून.

पण ही सगळी भांडणं व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांची. ऑइल कंपनी आणि तिचा एजंट वाटाघाटी करून सही करतात, असं निदान समजायला जागा आहे. तुम्ही-आम्ही चष्म्याच्या दुकानात कसल्या वाटाघाटी करतो? पावती हातात येते तेव्हा पैसे गेलेले असतात. ॲपवर ‘आय ॲग्री’ दाबलं नाही तर पुढचं पानच उघडत नाही. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10-अ नुसार, केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला म्हणून करार अवैध ठरत नाही. म्हणजे ते बटण ही सहीच.

ग्राहक कायद्याची किंमत कळण्यासाठी एक मिनिट अमेरिकेत जाऊन या. वॉशिंग्टन राज्यातलं शूट नावाचं जोडपं कार्निव्हल कंपनीच्या क्रूझवर गेलं. लॉस एंजेलिसहून बोट निघाली, मेक्सिकोजवळ समुद्रात असताना बाई बोटीवर घसरून पडल्या. नुकसानभरपाईसाठी त्यांनी घराजवळच्या कोर्टात दावा लावला. कंपनीने तिकीट दाखवलं. त्यावर छापलेलं होतं, सगळे वाद फ्लोरिडाच्या कोर्टात. म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. 1991 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कंपनीची बाजू घेतली. या अटीवर घासाघीस झालेली नव्हती हे कोर्टाने मान्य केलं, पण कंपनीचा खर्च वाचतो आणि तिकीट स्वस्त मिळतं, त्यात प्रवाशाचाही फायदा, असा हिशोब मांडला. दोन न्यायमूर्ती सहमत नव्हते. मलाही हा हिशोब पटत नाही. तिकिटात किती डॉलर वाचले ते दिसत नाही, फ्लोरिडाचं अंतर मात्र नकाशावर दिसतं.

आपल्याकडे ग्राहकासाठी गणित उलटं आहे, आणि तेही अलीकडे झालं. 1986च्या जुन्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार साधारण जिथे समोरचा आहे किंवा जिथे कारण घडलं तिथेच करावी लागायची. 2019चा नवा कायदा 20 जुलै 2020पासून लागू होऊ लागला आणि त्यातल्या कलम 34ने एक वाक्य जोडलं: तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो, तिथेही तक्रार करता येईल. कंपनी गुरुग्रामची असो नाहीतर बंगळुरूची. तुम्ही पनवेलला राहता ना? मग रायगड जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग.

तो अलिबागला आहे, हे खरं. पेण-वडखळमार्गे एसटीने जायचं म्हणजे कॉलेजचा एक दिवस गेलाच. पण तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. आधी त्यासाठी ‘ई-दाखिल’ पोर्टल होतं, 1 जानेवारी 2025पासून ‘ई-जागृती’ आलं आहे. सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सने घ्या असा अर्ज करायची सोयही कायद्यातच आहे. वस्तूसाठी किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. जिल्हा आयोगाकडे पन्नास लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जाते, म्हणजे आपल्यासारख्यांचं बहुतेक सगळं तिथेच बसतं. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची, त्यामुळे ‘परीक्षा झाल्यावर बघू’ म्हणायला हरकत नाही, ‘डिग्री झाल्यावर बघू’ म्हणाल तर मात्र अवघड आहे.

तळाच्या ओळीचं मग काय? इंडिगोच्या तिकिटावर ‘फक्त दिल्लीची कोर्टं’ अशी अट होती. डिसेंबर 2007मध्ये दिल्लीच्या धुक्यात तासन् तास विमानात अडकलेल्या एका प्रवाशाने हैदराबादच्या स्थायी लोकअदालतीत तक्रार केली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. 2011च्या निकालात प्रवाशाच्या हाती भरपाई लागली नाही, कारण कंपनीची चूक दिसली नाही. पण कोर्टाने मुद्दा स्पष्ट केला: अशी अट नेहमीच्या कोर्टांना लागू होते, लोकअदालतीसारख्या खास कायद्याने उभ्या केलेल्या यंत्रणेला त्यातून बाहेर ठेवता येत नाही. अटींमध्ये ‘वाद लवादाकडेच जाईल’ असं लिहिलेलं असतं, त्याचंही तसंच. बिल्डर कंपनी एमारच्या प्रकरणात 2018 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लवादाची अट आहे म्हणून ग्राहकाला आयोगाकडे जाण्यापासून अडवता येत नाही.

आणि हो, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी. 2019च्या कायद्यात सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदतच लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं, ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे. ही पाटी पनवेलच्या बाजारात अजूनही दिसते. दुकानदाराशी वाद घालायची गरज नाही, पाटीचा फोटो काढून ठेवा.

क्लासवाल्यांबद्दल विचाराल, कारण फी परत न मिळणं ही आपल्या वयाची कॉमन तक्रार. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी 2020मध्ये मनू सोळंकी प्रकरणात असं म्हटलं की शिक्षणसंस्था ग्राहक कायद्यात येत नाहीत, पण कोचिंग क्लास येतात. त्यावर सुप्रीम कोर्टात अपील झालेलं आहे. म्हणजे आजच्या घडीला क्लासविरुद्ध आयोगाकडे जायचा रस्ता बराच मोकळा आहे, कॉलेजविरुद्ध तितका नाही.

इथपर्यंत वाचून बरं वाटलं असेल. पण हे सगळं तुम्ही ग्राहक असताना. डिग्री हातात आली की तुम्ही कर्मचारी होता आणि खेळ बदलतो.

ऑफर लेटर मेलवर आलं की आपण काय बघतो? पॅकेज, जॉइनिंगची तारीख, वर्क फ्रॉम होम आहे का. तिसऱ्या-चौथ्या पानावर पुन्हा तीच ओळ असू शकते. एप्रिल 2025मध्ये सुप्रीम कोर्टाने एचडीएफसी बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणांत निकाल दिला. एकाने पाटण्यात आणि दुसऱ्या प्रकरणातल्या कर्मचाऱ्याने दिल्लीत, नोकरी गेल्यावर आपापल्या ठिकाणी दावे लावले होते. नेमणुकीच्या कागदांत मुंबईच्या कोर्टांचं नाव होतं. बँक बलाढ्य, नोकरदार दुबळा, हा युक्तिवाद चालला नाही. करार तो करार, मुंबईला या. पनवेलहून मुंबई गाठणं सोपं आहे म्हणून हसू नका. तुमची कंपनी बंगळुरूची किंवा हैदराबादची असली तर तुमची जागा पाटण्याच्या त्या माणसाचीच.

दुसरी ओळ बाँडची. दोन-तीन वर्षांच्या आत सोडलंत तर अमुक लाख भरा. करार कायद्याचं कलम 27 सांगतं की कोणाच्याही धंद्या-व्यवसायावर बंदी घालणारा करार रद्दबातल. म्हणून हॉस्टेलच्या खोलीत एक समज फिरत असतो की ‘बाँडला काही अर्थ नसतो, घटनेतच नोकरीचा हक्क आहे’. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने नेमकं हेच मांडून पाहिलं. 2007मध्ये तो रुजू झाला, तीन वर्षं पुरी व्हायच्या आत 2009मध्ये दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला, दोन लाख रुपये निषेध नोंदवून भरले आणि कर्नाटक हायकोर्टात गेला. बाँड हा घटनेच्या कलम 14 आणि 19चा आणि करार कायद्याचा भंग आहे, असं त्याचं म्हणणं. हायकोर्टात जिंकला. 14 मे 2025 रोजी सुप्रीम कोर्टात हरला. नोकरी सोडल्यावर कुठे जायचं यावर बाँडने बंदी घातलेली नाही, नोकरीत असतानाची ती अट आहे. आणि सरकारी बँकेला एक माणूस गेला की पुन्हा जाहिरात, परीक्षा असा सगळा खटाटोप करावा लागतो, म्हणून दोन लाख अवाजवी नाहीत, असा निकाल. 2009 ते 2025 ही सोळा वर्षं मोजा.

या खटल्यात एक गोष्ट सहज निसटते. त्या अधिकाऱ्याला घटनेचा आधार मागता आला, कारण विजया बँक सरकारी होती. मूलभूत हक्क मुख्यतः ‘राज्या’विरुद्ध असतात आणि राज्य म्हणजे काय ते कलम 12 सांगतं: केंद्र, राज्य, पालिका, सरकारी संस्था. खासगी स्टार्टअपने तुम्हाला काढलं किंवा ॲपने तुमचं अकाउंट बंद केलं तर ‘माझ्या मूलभूत हक्कांवर गदा’ असं इन्स्टावर लिहा हवं तर, पण कलम 19 घेऊन हायकोर्टात गेलात तर पहिला प्रश्न हाच येईल: समोर सरकार आहे का? अस्पृश्यता किंवा वेठबिगारीसारख्या मोजक्या बाबी सोडल्या, तर खासगी माणसाविरुद्ध तुमचं हत्यार करार आणि साधे कायदे.

उलट समोर पालिका असेल, विद्यापीठ असेल, तुमची जातपडताळणी अडवून बसलेलं सरकारी कार्यालय असेल, तर हायकोर्टात कलम 226खाली रिट याचिका करता येते. मूलभूत हक्क असेल तर कलम 32ने थेट सुप्रीम कोर्टातही. याच कलमाला डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत घटनेचा आत्मा म्हटलं होतं.

इथेही अंतर येतंच. कोल्हापूरला खंडपीठ हवं म्हणून चार दशकांहून जास्त काळ आंदोलनं झाली आणि अखेर 18 ऑगस्ट 2025पासून तिथे मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरबरोबर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही तिकडे गेले. कोकणातला आपला रायगड मात्र मुंबईकडेच राहिला. सावंतवाडीच्या माणसाने रिटसाठी रात्रभर गाडीत बसून मुंबई गाठणं आणि आपण सकाळची लोकल पकडून जाणं, यातला फरक ज्याने तो प्रवास केला त्यालाच विचारा.

आता वकिलाच्या फीचं. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987चा आहे. त्याच्या कलम 12नुसार प्रत्येक स्त्रीला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळू शकतो, आणि त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. म्हणजे वर्गातली प्रत्येक मुलगी यात बसते, वडिलांचा पगार कितीही असो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा लागते. त्यासाठी तालुका विधी सेवा समित्या असतात. पनवेलच्या कोर्टात जाऊन विचारा किंवा आधी 15100 या क्रमांकावर फोन करा. ग्राहक तक्रारीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन वेगळी, 1915. तिथे मराठीत बोललात तरी चालतं. फोन करताना बिल हाताशी ठेवा, ऑर्डरचा स्क्रीनशॉट आणि कंपनीला पाठवलेला मेलही.